ओवाळणी नव्हे, वसुलीच!

भ्रष्टाचार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तलाठी येतो, हवालदार येतो, फार तर एखादा मंत्री येतो. बाळंतपणाच्या खोलीच्या दारात, बाळाला दुपट्यात गुंडाळून, "आधी खुशी द्या, मग बाळ बघा" असं म्हणणारी आया काही येत नाही. कारण तिला दिलेल्या पैशाला आपण लाच म्हणतच नाही. त्याला आपल्याकडे फार गोड नावं आहेत. चहापाणी, पेढे, खुशी, ओवाळणी. आणि ओवाळणीला नाही म्हणणारी सासू, आई किंवा मावशी आपल्या समाजात अजून जन्मायची आहे.

कारध्याच्या आमच्या बचत गटात हा विषय निघाला तेव्हा पहिल्यांदा कुणी बोलेना. "ते तं चालूच रायते" एवढ्यावर विषय संपत होता. मग एकीने सांगितलं, दुसरीने सांगितलं, आणि तासाभरात लक्षात आलं की ज्यांची बाळंतपणं सरकारी दवाखान्यात झाली त्यांच्यापैकी बहुतेकींच्या घरून काही ना काही गेलेलं आहे. (दवाखान्याचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. हे एकाच दवाखान्यात घडतं असा कुणाचा समज व्हायला नको.) स्ट्रेचर ढकलण्याचे, बाळ पुसण्याचे, चादर बदलण्याचे, जन्माच्या दाखल्यासाठी कागद पुढे सरकवण्याचे. आणि सगळ्यांत आधी, मुलगा की मुलगी हे सांगण्याचे. मुलाचा भाव वेगळा, मुलीचा वेगळा. "पोट्टा झाला ना, मंग एवढं तं द्याच लागते." मुलगी झाली की आवाज खाली येतो, "राहू द्या, जे देसान ते द्या." मुलगी झाली म्हणून सवलत! सोनोग्राफीचे कायदे आपण मोर्चे काढून आणले, पण ही दरातली तफावत जन्माच्या पहिल्या पाच मिनिटांत उघड बोलली जाते. त्या टेबलावर पडलेल्या बाईला ती ऐकू येते, हे आपण कधी मोजलंच नाही.

आता सरकारचं म्हणणं काय आहे ते बघू. २०११ सालापासून देशभर जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. त्यात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण पूर्ण फुकट. सिझर फुकट, औषधं फुकट, तपासण्या फुकट, रक्त लागलं तर तेही फुकट. साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण. घरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून घरी गाडी. आजारी नवजात बाळाचा उपचारही त्यातच. त्यावर १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र सरकारने आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरचे पैसेसुद्धा बंद केले. कागदावर बाईच्या पदराला एक पैशाची गाठ असण्याची गरज उरलेली नाही.

पण फुकट असलेली वस्तू कपाटात नसेल तर काय होतं? चिठ्ठी लिहिली जाते. "हे बाहेरून आणा." या चिठ्ठीकडे मला आयाच्या हातापेक्षा जास्त लक्ष द्यावंसं वाटतं. आया मागते ते शंभर-दोनशे रुपये घरात बोलून दाखवले जातात, त्यावरून भांडण होतं, नाराजी राहते. चिठ्ठीचे हजार-बाराशे मात्र कुणी भ्रष्टाचारात धरत नाही. औषधाचं बिल असतं ना! डॉक्टरांनी लिहून दिलेलं असतं, दुकानात घेतलेलं असतं, सगळं कसं रीतसर. रोवणीच्या हंगामात चिखलात उभं राहून मिळवलेली चार दिवसांची मजुरी त्या रीतसर कागदात जाते. औषध कपाटात का नव्हतं, ते मागवलं होतं का, मागवलं होतं तर आलं का नाही, आलं होतं तर गेलं कुठे, हे प्रश्न विचारायला बाळंतिणीजवळच्या माणसाला वेळ नसतो. आणि ज्याला वेळ असतो त्याला गरज नसते.

हे कपाट रिकामं का राहतं याचा इतिहास महाराष्ट्रात जुना आहे. १९८६ साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिल्यानंतर १४ रुग्ण मेले. औषध म्हणून जे दिलं गेलं त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, ती फक्त त्या बाटलीपुरती ठेवली नाही. औषधखरेदी कशी होते, पुरवठादार कसा ठरतो, अन्न व औषध प्रशासनात कुणाचा दाब चालतो, हे सगळं त्यांनी उकरून काढलं. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना खुर्ची सोडावी लागली. त्यावेळी वाटलं होतं की आता तरी खरेदीची खिडकी स्वच्छ होईल.

तिथून थेट नागपूर जिल्ह्यात या, आपल्या शेजारी. कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या बनावट निघाल्या. नागपूर ग्रामीण पोलिसांच्या दोषारोपपत्रातून २०२४ साली जे बाहेर आलं त्यानुसार त्या गोळ्यांत औषधाऐवजी टाल्कम पावडर आणि स्टार्च होतं, आणि असा माल राज्यातल्या आणि राज्याबाहेरच्या सरकारी दवाखान्यांना पुरवला गेला होता. अंगाला लावायची पावडर! सिझरचे टाके पिकू नयेत म्हणून बाईने दिवसातून दोनदा पाण्याबरोबर ती गिळायची. टाके पिकले तर काय म्हणणार? "बाईने स्वच्छता ठेवली नाही." हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं आहे!

मधल्या काळात खरेदीची व्यवस्था बदलली नाही असं नाही. २०१७ साली खरेदी हाफकिनकडे दिली, ती रखडली, बोंब झाली. मग २०२३ साली स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात दोन दिवसांत ३१ मृत्यू झाले, त्यांत बरीच नवजात बाळं होती. तेव्हा औषधटंचाई होती की नव्हती यावरच मंत्री आणि नातेवाईक यांच्यात वाद सुरू झाला. नातेवाईकांच्या हातात बाहेरच्या चिठ्ठ्या होत्या. मंत्र्यांच्या हातात साठ्याचा आकडा होता. कुठला कागद खरा हे ठरवायची सोय आपल्याकडे नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे. त्यावर पुढे येते.

आधी ९ जानेवारी २०२१ च्या पहाटेबद्दल लिहिलं पाहिजे. कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडारा. तिथल्या जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात त्या रात्री १७ बाळं होती. आग लागली, धूर झाला, सात वाचली, दहा गेली. बहुतेक बाळं गरीब घरांतली. आया बाहेर, बाळं आत, अशी त्या कक्षाची रीतच असते. काय चाललंय ते आईला काचेतून दिसेल तेवढंच.

हा काही लाचेचा प्रकार नव्हता, मग या लेखात का, असं कुणी विचारेल. माझं म्हणणं असं की लाच हा भ्रष्टाचाराचा सगळ्यांत छोटा प्रकार आहे. आगीपासून संरक्षणाच्या कामाचा प्रस्ताव मंजुरीअभावी पडून होता असं तेव्हाच वर्तमानपत्रांतून आलं. जी फाईल हलल्याने कुणाचाच खिसा भरत नाही ती हलत नाही, हाही भ्रष्टाचारच. आणि नंतर जबाबदारीची वाटणी कशी झाली ते बघा. चौकशी झाली. जिल्हा शल्यचिकित्सक आणि कायम नोकरीतल्या इन्चार्ज परिचारिका निलंबित झाल्या, अतिरिक्त शल्यचिकित्सकांची बदली झाली. कंत्राटी होते त्यांना मात्र निलंबन नाही, बदली नाही, थेट सेवा समाप्त. आणि फेब्रुवारीत पोलिसांत सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला तो रात्रपाळीच्या दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, त्या दिवशी ११ रुग्ण गेले. तिथेही पहिल्यांदा अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना.

त्या परिचारिकांचं काही चुकलं नाही असं मी म्हणत नाही. ज्यांची बाळं गेली त्या आयांसमोर असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण रात्री दोन वाजता कक्षात हजर असणाऱ्या बाईपर्यंत कायद्याचा हात इतका लवकर पोचतो आणि मंजुरीच्या टेबलापर्यंत पोचायला त्याला रस्ताच सापडत नाही, हे स्त्रियांच्या संघटनांनी नाही बोलायचं तर कुणी बोलायचं? दवाखान्याच्या उतरंडीत तळाशी बाया आहेत. आशा, आया, सफाई कामगार, कंत्राटी परिचारिका. सही करणारे वर आहेत. तळाशी रांगेत उभ्या आहेत त्याही बायाच. म्हणजे भांडण लागतं ते दोन बायांचं, आणि वरचे पंच.

म्हणूनच आमच्या गटात जो वाद झाला तो मला फार खरा वाटला. एकीचं म्हणणं, "त्या आयाला ठेकेदार तीन-तीन महिने पगार देत नाही, तिच्यावर तक्रार कशी करायची?" दुसरी म्हणाली, "तिला पगार नाही म्हणून तिनं माझ्या भरून का घ्यावा? मला कोण पगार देते?" ती विड्या वळते. दोघींचंही बरोबर आहे आणि म्हणून हा प्रश्न चांगुलपणाने सुटणारा नाही. मी दुसरीच्या बाजूची आहे. आयाच्या पगारासाठी तिच्याबरोबर धरणं धरून बसू, पण बाळ दाखवायचे पैसे देणार नाही. या दोन गोष्टी एकाच दिवशी करता येतात. ठेकेदाराने पगार दाबला आणि आयाने तो बाळंतिणीकडून वसूल केला, तर शेवटी ठेकेदाराचा फायदा बाळंतिणीने भरला असा त्याचा अर्थ होतो.

खाजगी दवाखान्यांबद्दल थोडक्यातच लिहिते, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. तिथे चहापाणी मागत नाहीत, ते बिलातच असतं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना पुण्याच्या एका तपासणी केंद्राने रुग्ण पाठवल्याबद्दल १२०० रुपयांचा धनादेश पाठवला. त्यांनी तो खिशात न घालता वैद्यक परिषदेकडे तक्रार केली, म्हणून ही कटप्रॅक्टिस उघड चर्चेत आली. तिच्याविरुद्धच्या कायद्याचा मसुदा २०१७ साली प्रवीण दीक्षित यांच्या समितीने केला. मसुदा झाला, कायदा झाला नाही. बीडमध्ये २०१६ ते २०१९ या तीन वर्षांत ९९ खाजगी दवाखान्यांत ४६०५ गर्भाशयं काढली गेली, हा आकडा खुद्द आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत दिलेला आहे. ऊसतोडणी करणाऱ्या बाईला "कॅन्सर होईल" असं सांगितलं की ती उचल घेऊन पिशवी काढते. ही लूट लाचेच्या कुठल्याच कलमात बसत नाही. २०२१ साली शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती होऊन दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. आपल्या गावाशेजारच्या किती दवाखान्यांत ती भिंतीवर दिसते, एक दिवस फिरून बघा.

आता उपायांकडे. पहिला उपाय सगळ्यांना सुचतो, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. १०६४ नंबर फिरवा, सापळा लावा. पण हा सापळा कुणाला डोळ्यांसमोर ठेवून रचलेला आहे? सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे गेलेल्या माणसाला. तलाठ्याने पैसे मागितले, तो म्हणाला उद्या आणतो, घरी गेला, तक्रार दिली, दुसऱ्या दिवशी पावडर लावलेल्या नोटा घेऊन हजर. कळा सुरू झालेल्या बाईला "उद्या आणते" म्हणता येतं का?

म्हणजे तिचे पैसे आधी जातात आणि तक्रार, झाली तर, नंतर. आणि इथे २०१८ साली एक बदल झाला तो आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांना माहीत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ सालचा. त्यातलं कलम २४ लाच देणाऱ्याच्या जबाबाला संरक्षण देत होतं, ते काढून टाकलं. नवीन कलम ८ प्रमाणे लाच देणं हाच गुन्हा, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पैसे आधीच दिले गेले असतील तर सूट फक्त एक. जबरदस्तीने द्यावी लागली असेल आणि दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं असेल तर.

सात दिवस! सिझर झालेली बाई सात दिवस त्याच वॉर्डात, त्याच खाटेवर असते. सरकारच तिला सात दिवसांचं जेवण मोजून देतं. टाके त्याच सिस्टर बघणार, बाळाला त्याच आया हात लावणार. साधं बाळंतपण झालेली घरी जाते तर पाचव्या दिवशी पाचवी, मग बारशाची गडबड, आणि ती विटाळाची म्हणून उंबऱ्याबाहेर पडायची नाही. कायदा करणाऱ्यांनी सात हा आकडा कुठून आणला मला ठाऊक नाही, पण बाळंतिणीचा विचार करून आणला नाही एवढं नक्की. या मुदतीत बदल करा, निदान आरोग्यसेवेतल्या लाचेपुरती ती तीन महिन्यांची करा, ही मागणी आपल्या चळवळीने उचलायला हवी. ती अजून कुठल्याच मागणीपत्रकात मी पाहिलेली नाही.

तोवर आहे त्या मुदतीत काय होऊ शकतं? पैसे बहुतेक वेळा बाळंतीण देत नाही, सासू किंवा नवरा किंवा आई देते. म्हणजे कळवायचं त्यांनी. गटातल्या बायांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ बघायला जाताना काजळ-टोपड्याबरोबर एक कोरा कागदही न्यावा. बाई दवाखान्यातून सुटेपर्यंत थांबलं तर मुदत संपते. आणि "पुरावा काय" या प्रश्नाला घाबरायचं कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १५ डिसेंबर २०२२ रोजी सांगितलेलं आहे की तक्रारदार हयात नसला किंवा फिरला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून लाचेची मागणी सिद्ध होऊ शकते. एकाच वॉर्डाबद्दल पाच घरांनी पाच अर्ज दिले तर ते पाच अर्ज एकमेकांना धरून उभे राहतात.

तरीही माझा भर सापळ्यावर नाही. सापळ्यात सापडते ती शेवटची कडी. महाराष्ट्रात यापेक्षा वेगळा प्रयोग होऊन गेला आहे. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, पुढे आणखी जिल्हे आले. पुण्याची साथी संस्था राज्याचं समन्वयाचं काम पाहत होती. गावच्या समितीने दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचं, लाल-पिवळा-हिरवा रंग द्यायचा, आणि मग जनसुनवाई. डॉक्टर, अधिकारी एका बाजूला, गावच्या बाया दुसऱ्या बाजूला, मध्ये पंच. तिथे बाहेरच्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या गेल्या. घेतलेले पैसे परत करायला लावल्याची उदाहरणं आहेत. एकटी बाई बोलली असती तर तिला पुढच्या खेपेला कोण विचारणार होतं? चाळीस जणी बोलल्या म्हणून पुढच्या खेपेची भीती राहिली नाही. असल्या जनसुनवाया कुठल्या योजनेतून पैसे आले तरच घ्यायच्या असं थोडंच आहे? मंडप नको, माईक नको, ग्रामसभा पुरते.

आणि साठ्याचा आकडा. पावसाळ्यात कारध्याला वैनगंगेचं पाणी किती मीटरवर आहे ते तासातासाला मोजलं जातं, धोक्याची पातळी किती ते शाळेतल्या पोरालाही पाठ असतं, रात्री बारा वाजता फोनवर निरोप येतो. म्हणजे मनात आणलं तर यंत्रणा आकडा वेळेवर सांगू शकते. मग बाळंतपणाला लागणारी औषधं आज किती आहेत हे दवाखान्याच्या दारात फळ्यावर का लिहिता येऊ नये? संगणकावर साठ्याची नोंद असतेच, फक्त ती आपल्याला दिसत नाही. रोज सकाळी खडूने लिहा. ऑक्सिटोसिन इतकी, सलाईन इतक्या, टाक्यांचा दोरा इतका. फळ्यावर आहे आणि चिठ्ठी बाहेरची, तर लगेच विचारता येईल. फळ्यावर शून्य आहे, तर त्या शून्याचा फोटो काढून माहिती अधिकारात विचारता येईल की मागणी कधी केली, पुरवठा कधी झाला, पुरवठादार कोण. तेव्हा चौकशी आयाच्या हातावर न थांबता वर सरकेल. येत्या ग्रामसभेत आम्ही हा ठराव मांडणार आहोत. इतर गटांनीही मांडावा, शब्द बदलून घ्या.

सात दिवसांच्या अर्जात काय लिहायचं तेही सांगते, कारण तिथेच गाडी अडते. बाळंतपणाची तारीख आणि वेळ. वॉर्ड आणि खाट. पैसे कुणी दिले, कुणाला दिले, नाव माहीत नसेल तर कामाचा हुद्दा आणि पाळी. मागताना नेमके कुठले शब्द वापरले, आपल्या बोलीत जसेच्या तसे. न दिल्यास काय होईल असं सुचवलं, हे सगळ्यांत महत्त्वाचं, कारण जबरदस्ती त्यावरून ठरते. बाहेरची चिठ्ठी आणि दुकानाचं बिल असेल तर झेरॉक्स जोडा, मूळ कागद आपल्याकडे ठेवा. जिने किंवा ज्याने पैसे दिले त्याचीच सही किंवा अंगठा. दोन प्रती करा, एकीवर तारखेसह पोच घ्या, आणि पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती गटाच्या वहीत चिकटवून ठेवा.